खरे बोलणाराच आरोपीच्या पिंजऱ्यात?

मुलांना ‘नेहमी खरे बोला’ म्हणून शिकवायचे आणि मोठेपणी ते खरे बोलू लागले की उद्धट ठरवायचे, असा आपल्या समाजाचा दुटप्पी व्यवहार आहे. कुणाच्या घरचे जेवण बेचव झाले तरी ‘छान झालंय’ म्हणावे, साहेबांची चूक दिसली तरी मान डोलवावी, याला आपण शिष्टाचार म्हणतो. हा शिष्टाचार ज्यांना जमत नाही किंवा पटत नाही, त्यांना एकटे पाडले जाते. स्वमग्न म्हणजेच ऑटिस्टिक व्यक्ती हे रोज अनुभवतात.

स्वमग्नता हा आजार नव्हे, मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणा आहे. अनेक स्वमग्न व्यक्ती शब्दाचा सरळ अर्थ घेतात. विचारले तेवढेच आणि आहे तसेच सांगतात. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे त्यांच्यापैकी अनेकांना जड जाते. त्या खोटे बोलूच शकत नाहीत, असे नाही. त्यांना देवदूत बनवण्याचे कारण नाही. माणूस म्हणून ऐकून घेतले तरी पुरे आहे. पण नेमके तेच होत नाही.

न्यायालयाचेच उदाहरण घ्या. साक्षीदाराने शपथेवर खरे सांगावे, अशी कायद्याची अपेक्षा असते. त्याच वेळी साक्ष देताना त्याचे हावभाव कसे होते, याची नोंद करण्याची तरतूदही कायद्यात आहे. पूर्वी ती दंड प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये होती. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३१५ मध्ये आहे. नजर चुकवणारा, हात हलवत राहणारा, एका सुरात बोलणारा साक्षीदार लपवाछपवी करतो, असा समज वकिलांत आणि पोलिसांत खोलवर रुजलेला आहे. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या लिम, यंग आणि ब्रुअर या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. स्वमग्न व्यक्ती खरे बोलत असतानाही सामान्य प्रेक्षकांना त्या इतरांपेक्षा अधिक खोट्या आणि कमी विश्वासार्ह वाटल्या! जो खरे बोलतो तोच खोटा ठरत असेल, तर दोष कुणाचा? बोलणाऱ्याचा की पाहणाऱ्याच्या नजरेचा?

या नजरेपासून वाचण्यासाठी अनेक स्वमग्न व्यक्ती मुखवटा चढवतात. आरशासमोर हसण्याचा सराव करायचा, ठरावीक वाक्ये पाठ करायची, गोंगाट असह्य झाला तरी चेहऱ्यावर दाखवायचे नाही. ब्रिटनमध्ये सारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वमग्नता लपवत राहण्याचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध आढळला. आपण ज्याला ‘सुधारणा’ म्हणून टाळ्या वाजवतो, ती त्या व्यक्तीची घुसमटही असू शकते. घर भाड्याने मिळावे म्हणून आडनाव लपवण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांना या घुसमटीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही प्रश्न एकच नाहीत. पण ‘आमच्यासारखे दिसा, मगच जवळ घेऊ’ ही अट दोन्हीकडे सारखीच आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेला स्थान नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ती आली. याच अधिनियमाच्या कलम १२ नुसार दिव्यांगांची साक्ष त्यांच्या पसंतीच्या भाषेत आणि संवादाच्या त्यांना सोयीच्या मार्गाने नोंदवली जावी, यासाठी व्यवस्था करणे ही शासनाची जबाबदारी आहे. कलम २० शासकीय आस्थापनांवर वाजवी सोयी देण्याचे बंधन घालते. कलम ३४ शासकीय नोकऱ्यांत आरक्षण देते. पण मुलाखतीत ‘नजरेला नजर देत नाही’ म्हणून उमेदवार बाद होणार असेल, तर ती जागा कागदावरच राहणार!

म्हणून वकील, पोलीस आणि न्यायाधीश यांच्या प्रशिक्षणात हा विषय आलाच पाहिजे. साक्षीदार स्वमग्न असेल तर वकिलाने ते सुरुवातीलाच, त्याच्या संमतीने, न्यायालयाच्या नजरेस आणावे. प्रश्न सरळ आणि एका वेळी एकच विचारला जावा. उत्तराला वेळ द्यावा. शाळेत ‘माझ्याकडे बघून बोल’ म्हणून दरडावण्यापूर्वी मूल काय सांगते आहे, ते गुरुजींनी आधी ऐकावे. आपल्या वस्तीत, आपल्या संघटनेच्या बैठकीत कुणी तोंडावर ‘हे चुकले आहे’ म्हणाला, तर त्याला खाली बसवण्याऐवजी त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे का, हे तपासण्याची सवय कार्यकर्त्यांनीही लावून घ्यावी.