पाण्याचे यंत्र बसविण्यापूर्वी टाकी पाहा

पावसाळ्याच्या तोंडावर दवाखान्यात जुलाब, उलट्या, टायफॉइड आणि कावीळ यांचे रुग्ण वाढू लागले की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, स्वयंपाकघरातल्या छोट्या फिल्टरपेक्षा सगळ्या इमारतीलाच एक मोठा फिल्टर बसवून टाकला तर?" विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील गृहनिर्माण संस्थांच्या सभांतही हल्ली हा विषय निघतो. विक्रेते येतात, गढूळ पाण्याचा आणि नितळ पाण्याचा असे दोन पेले शेजारी ठेवून दाखवितात, आणि सभासद वर्गणी काढायला तयार होतात. खर्च मोठा असतो. म्हणून हे यंत्र काय करते, काय करीत नाही आणि ते कोठे बसवावे, याचा थोडा विचार आज करू.

पाणी बिघडते कोठे?

आपल्याकडचे पाणी मुख्यतः उल्हास नदी आणि तिला मिळणाऱ्या बारवी नदीवरील धरणाचे. उल्हासनगरला ते औद्योगिक विकास महामंडळाकडून मिळते, तर अंबरनाथ व बदलापूरला प्रामुख्याने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून. जांभूळसारख्या केंद्रात ते निवळून, वाळूतून गाळून, क्लोरिन मिसळून पुढे सोडतात. पावसाचे साठविलेले पाणी असल्यामुळे त्यात क्षार सहसा कमी असतात. केंद्रातून ते बहुधा चांगलेच निघते. बिघडते ते वाटेत आणि आपल्या दारात.

वाटेत कसे बिघडते? आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. नळाला पाणी असते तेव्हा नळीत दाब असतो आणि गळतीतून पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की दाब जातो आणि त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत शिरते. नळी गटाराला लागून गेलेली असेल तर आत काय शिरत असेल ते सांगायला नको. त्यात काही मंडळी नळाला थेट मोटार लावून पाणी ओढतात. अशी मोटार आपल्या वाट्याच्या पाण्याबरोबर गटाराचे पाणीही ओढून घेते आणि शेजाऱ्यांच्या घरीही आजार पोचविते. म्हणून ही सवय कायद्याने तर गैर आहेच, आरोग्याच्या दृष्टीनेही घातक आहे.

दारात कसे बिघडते? इमारतीची खालची टाकी पुष्कळदा जमिनीच्या पातळीला असते. झाकण तुटलेले किंवा सैल, चार हातांवर सांडपाण्याचे चेंबर, आणि टाकीच्या भिंतीला बारीक तडे. 26 जुलै 2005 ला आणि 2019 च्या जुलैअखेरीस उल्हास नदीला पूर आला, तेव्हा बदलापूर परिसरात पाणी वस्तीत शिरले. अशा वेळी खालच्या टाक्यांत पुराचे पाणी गेल्याशिवाय राहत नाही. वरच्या टाकीची गोष्टही फार वेगळी नसते. झाकण उघडे, कबुतरांची वस्ती, तळाशी वीतभर गाळ.

या यंत्रात काय असते?

सगळ्या घराला किंवा इमारतीला बसविण्याच्या यंत्रात साधारणपणे तीन भाग असतात. पहिला वाळूचा. तो माती, गंज आणि गाळ अडवितो. दुसरा कार्बनचा, म्हणजे विशिष्ट प्रकारे तयार केलेल्या कोळशाचा. तो वास, रंग आणि क्लोरिन शोषून घेतो. तिसरा सॉफ्टनर. तो पाण्याचा जडपणा कमी करतो, म्हणजे साबणाला फेस येतो आणि नळांवर पांढरा थर धरत नाही.

या तिघांपैकी एकही जंतू मारण्यासाठी बनविलेला नाही. काविळीचा विषाणू वाळूच्या कणांमधून आरामात निघून जातो. नितळ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. पेल्यातले पाणी डोळ्यांनी पाहून पारखता येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पुष्कळ ठिकाणी हे सगळे यंत्र खालच्या टाकीच्या आधी किंवा वरच्या टाकीच्या आधी बसवितात. त्यातला कार्बन पाण्यातला क्लोरिन काढून घेतो. क्लोरिनचा वास गेला म्हणून लोक खूश होतात, पण तो क्लोरिनच आपल्या पाण्याचा राखणदार असतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत दर लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन शिल्लक असावा लागतो. टाकीत चुकून काही घाण पडली तर तिचा सामना हा शिल्लक क्लोरिन करतो. तो काढून टाकून तेच पाणी दिवसभर टाकीत ठेवले तर जंतूंना रान मोकळे मिळते. शिवाय वेळेवर न बदललेल्या कार्बनच्या थरातच जंतू घर करतात. म्हणजे मोठा खर्च करून आपण पाणी पूर्वीपेक्षा धोक्याचे करून घेऊ शकतो.

म्हणून नियम सोपा ठेवावा. वाळूचा फिल्टर टाकीच्या आधी किंवा खालून वर पाणी चढविणाऱ्या पंपाच्या नळीवर चालेल. कार्बन मात्र टाकीनंतर, तोही फक्त पिण्याच्या नळाशी, आणि त्याच्या पुढे जंतू मारण्याची सोय असेल तरच.

पिण्याला पाणी लागते किती?

शहरातल्या माणसाला रोज 135 लिटर पाणी लागते असे धरून आपल्याकडे पाणीयोजना आखतात. पाच माणसांच्या कुटुंबाला सुमारे 675 लिटर. त्यातले पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले तरी 25 लिटर होतात. उरलेले साडेसहाशे लिटर आंघोळ, कपडे, भांडी आणि संडासाला जाते. त्या पाण्याला गाळ नसला म्हणजे पुरे. सगळ्याच पाण्याला पिण्याच्या पाण्याचे संस्कार करण्याची गरज नाही. पिण्याच्या 25 लिटरांवर मात्र काटेकोर लक्ष हवे.

आरओ यंत्राबद्दलही हेच. ते क्षार काढण्यासाठी असते. पाण्यात क्षार दर लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तर त्याची गरज नसते. अशा ठिकाणी आरओवर निर्बंध घालावेत असे राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये सांगितले होते. बोअरवेलच्या जड पाण्याची गोष्ट वेगळी. पण ते पाणी आणि नळाचे पाणी एकाच टाकीत मिसळू नये. वालधुनी नदीच्या किंवा कारखान्यांच्या आसपासचे बोअरवेलचे पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये. पाण्यात रसायने असतील तर ती उकळल्याने जात नाहीत. सॉफ्टनरच्या पाण्यात सोडियम वाढते, म्हणून ब्लडप्रेशरच्या रुग्णांसाठी स्वयंपाकघरातला नळ सॉफ्टनरपासून वेगळा ठेवावा.

एवढी काळजी कशासाठी?

1955 च्या डिसेंबरपासून 1956 च्या जानेवारीपर्यंत दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. सुमारे 29 हजार लोक आजारी पडले. यमुनेच्या पाण्यात नाल्याचे सांडपाणी मिसळले होते. क्लोरिन वाढविल्यामुळे टायफॉइडची साथ आली नाही, पण काविळीच्या विषाणूला तेवढा क्लोरिन पुरला नाही. आपल्या महाराष्ट्रात 2012 साली इचलकरंजीला काविळीची मोठी साथ आली. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय पाण्यावर गेला. त्या वेळी तपासणीनंतर महापालिकेने ज्यांच्यावर कारवाई केली त्यांत काही खासगी आरओ पाणीकेंद्रेही होती. यंत्र आहे म्हणजे पाणी शुद्ध आहे, हा समज किती पोकळ असू शकतो ते यावरून दिसते.

पाण्यातून होणाऱ्या काविळीचा हेपटायटिस ई हा प्रकार बहुतेकांना विश्रांतीने बरा होतो. पण शेवटच्या तीन महिन्यांतील गरोदर बाईला तो झाला तर शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत स्त्रिया दगावू शकतात. दूषित पाणी प्यायल्यानंतर कावीळ दिसायला सरासरी पाच ते सहा आठवडे लागतात. म्हणजे पहिला रुग्ण दिसेपर्यंत सगळी इमारत महिनाभर तेच पाणी पीत आलेली असू शकते.

मग करावे काय?

1. वर्षातून निदान दोनदा, मे अखेरीस आणि दिवाळीपूर्वी, दोन्ही टाक्या उपसून घासून घ्याव्यात. पुराचे पाणी आत गेले असेल तर लगेच. बंद टाकीत कोणीही एकट्याने उतरू नये. झाकण आधी बराच वेळ उघडे ठेवावे आणि वर माणूस उभा असावा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, विषारी वायू निघतो.

2. झाकणे घट्ट बसवावीत. खालच्या टाकीचे तोंड जमिनीपासून हातभर उंच करून घ्यावे. ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी लावावी. तडे बुजवावेत.

3. टाकीत क्लोरिन नसेल तर 1000 लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर थोड्या पाण्यात कालवून, वरचे निवळ पाणी टाकीत घालावे आणि तासभर थांबावे. पाच हजार लिटरच्या टाकीला साडेबारा ग्रॅम होते. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यावे.

4. पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळावे आणि झाकून त्याच भांड्यात ठेवावे. यूव्ही दिव्याचे यंत्र असेल तर दिवा मुदतीत बदलावा. गढूळ पाण्यावर हा दिवा नीट काम करीत नाही.

5. यंत्र घेण्यापूर्वी पाण्याचे दोन नमुने शासनमान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत, एक नळाच्या तोंडाचा आणि एक वरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेचीच घ्यावी. पहिला नमुना चांगला आणि दुसरा वाईट आला तर दोष आपल्या टाकीचा. पहिलाच वाईट आला तर अहवाल घेऊन पाणीपुरवठा कार्यालयात लेखी तक्रार करावी. गळकी नळी दुरुस्त झाल्याशिवाय घरातले कोणतेही यंत्र पुरे पडणार नाही.

एवढे केल्यानंतरही पाण्यात गाळ येत असेल तर वाळूचा फिल्टर जरूर बसवावा. तो दर आठवड्याला उलटे पाणी सोडून धुण्याची जबाबदारी कोणाची, हे सभेत नाव लिहून ठरवावे. न धुतलेला फिल्टर गाळाची दुसरी टाकीच होऊन बसतो. आणि ज्या घरात गरोदर सून किंवा लेक आहे, तेथे सभेच्या निर्णयाची वाट न पाहता आजपासूनच पाणी उकळायला सुरुवात करावी.