लेसर पॉइंटर : हातातील झोत आणि डोळ्यांची सुरक्षितता

आपल्या रुग्णालयाच्या सभागृहात होणाऱ्या आरोग्यविषयक व्याख्यानांत पडद्यावरील चित्र दाखविण्यासाठी वक्ते लेसर पॉइंटर वापरतात. हेच साधन जत्रेत व खेळण्यांच्या दुकानांतही स्वस्तात मिळते आणि सहज मुलांच्या हाती पडते. म्हणून त्याविषयी चार गोष्टी येथे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

साध्या दिव्याचा प्रकाश सर्वत्र विखुरतो; लेसरचा प्रकाश मात्र बारीक शलाकेत एकवटलेला राहतो. ही शलाका डोळ्यात शिरली की बुबुळामागील भिंग तिला दृष्टिपटलावरील सूक्ष्म बिंदूवर केंद्रित करते. तेथील तीव्रता सुमारे १ लाख पटींनी वाढून दृष्टिपटल भाजू शकते. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसल्याने त्या वेळी दुखत नाही. नजरेत डाग दिसू लागल्यावरच इजा ध्यानात येते.

१ मिलिवॉटपर्यंतच्या ‘वर्ग २’ पॉइंटरपासून, सुमारे पाव सेकंदात मिटणारी पापणी सहसा आपले रक्षण करते. परंतु पैजेखातर टक लावून पाहिल्यास हे संरक्षण उरत नाही. प्रचलित हिरव्या पॉइंटरमध्ये अदृश्य अवरक्त किरणांपासून हिरवा प्रकाश तयार केला जातो. स्वस्त उपकरणात गाळणी नसेल, तर ते किरणही बाहेर पडतात. आणि जे दिसत नाही, त्यासाठी पापणी मिटत नाही. वेष्टनावरील आकडाही नेहमी खरा असतोच असे नाही.

साहित्याची मोजदाद करताना आमच्याच सभागृहात शक्तीचा उल्लेख नसलेला एक हिरवा पॉइंटर आढळला. किंमत अल्प म्हणून खरेदीच्या वेळी चौकशी झाली नव्हती, ही चूक आम्ही मान्य करतो. तो तत्काळ वापरातून काढला असून, यापुढे वर्गाचा स्पष्ट उल्लेख असलेले, १ मिलिवॉटपर्यंतचेच पॉइंटर घेण्याचा नियम केला आहे.

झोत केवळ पडद्यावर असावा. श्रोते, आरसा, वाहनचालक वा विमान यांकडे तो कधीही वळवू नये. काम होताच बटण सोडावे. मुलांना हे साधन खेळणे म्हणून देऊ नये. झोत डोळ्यात गेल्यावर डाग वा अंधुकपणा जाणवल्यास डोळे न चोळता नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिपटल तपासून घ्यावे. रागावतील या भीतीने मुले असा प्रसंग लपवू शकतात. पालकांनी आधी धीर द्यावा, मग विचारावे.

दात्यांच्या साहाय्याने येथे नेत्रशस्त्रक्रिया होतात. परंतु भाजलेल्या दृष्टिपटलापुढे शस्त्रक्रियेलाही मर्यादा आहेत. म्हणून सावधगिरी हाच येथे खरा उपचार होय, असे आमचे नम्र सांगणे आहे.