तबल्याच्या रियाजासाठी अ‍ॅप करायचं तर

तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला गुरुजी भेटतात आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. बाकीचे दिवस ते मूल घरी एकटंच वाजवतं, आणि हात बिघडतो तो याच दिवसांत. ठेका नकळत धावू लागतो, डग्गा दबतो, तिहाई समेच्या आधीच संपून जाते. तबला शिकलेल्या आणि कोडिंगही येणाऱ्या कुणाला या मधल्या दिवसांसाठी अ‍ॅप करावंसं वाटत असेल, तर पुढच्या गोष्टी आधी ध्यानात घ्याव्यात.

विद्यार्थी कोण?

महाराष्ट्रात तबला शिकणारी पुष्कळ मुलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, विशारद. तिथे नुसतं वाजवून भागत नाही. हातावर टाळी देत ठेका म्हणावा लागतो, पुढे तो लिहावाही लागतो. म्हणून बोल देवनागरीत आणि विभागवार दिसले पाहिजेत. तीनतालाच्या 16 मात्रा, चार-चारचे चार विभाग, टाळ्या 1, 5 आणि 13 वर, खाली 9 वर.

चिन्हांच्या बाबतीत मात्र जपून. भातखंडे पद्धतीत सम × अशी आणि खाली 0 अशी लिहितात. पलुस्कर पद्धतीत सम 1 आणि खाली +. लहान अक्षरात × आणि + ओळखू येत नाहीत, आणि मग एकाची सम ती दुसऱ्याची खाली! पद्धत निवडायची सोय पहिल्याच पडद्यावर द्या.

लेहरा हाच कणा

तबलजीला सोबत लागते लेहऱ्याची. एका आवर्तनाची छोटीशी चाल, हार्मोनियमवर किंवा सारंगीवर, सतत फिरणारी. घरी ती धरणार कोण? अ‍ॅपचं खरं काम इथेच आहे, आणि बहुतेक मेहनतही इथेच जाते.

पहिली अडचण पट्टीची. मुलाकडे तबला एकच असतो, समजा काळी एकचा. तो हातोडीने ठोकून अर्ध्या स्वराने इकडेतिकडे नेता येईल, त्यापलीकडे ताणण्यात अर्थ नाही. शिवाय पावसाळी हवेत चामडं सैल पडतं आणि सूर उतरतो. तेव्हा नुसती पट्टी निवडता येणं पुरेसं नाही. लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये 100 सेंटचं अंतर असतं. लेहरा पाच-पाच सेंटांनी वरखाली करता आला, तर मूल आपल्या तबल्याशी सूर जुळवून घेईल.

दुसरी अडचण लयीची. मिनिटाला 60 मात्रा धरल्या तर तीनतालाचं एक आवर्तन 16 सेकंदांचं. 240 मात्रांना तेच 4 सेकंदांत उरकतं. एकच ध्वनिमुद्रण नुसतं जलद वाजवलं तर सूर चढतो. सूर तोच ठेवून लय बदलणारी तंत्रं आहेत, पण फार ताणलं की आवाज घोगरा आणि चिरका होतो. विलंबित, मध्य आणि द्रुत अशी वेगवेगळी ध्वनिमुद्रणं करावीत आणि प्रत्येक थोडंसंच ताणावं, हा त्यातल्या त्यात बरा उपाय. खर्च वाढतो. वाढू द्यावा, लेहरा बेसूर असला तर बाकीचं अ‍ॅप कितीही देखणं असो, ते फुकट आहे.

मात्रा घसरू नये म्हणून

नवखे प्रोग्रामर ठोका वाजवण्यासाठी जावास्क्रिप्टचा साधा टायमर लावतात. फोन दुसऱ्या कामात गुंतला की हा टायमर काही मिलिसेकंद उशिरा जागा होतो. 240 च्या लयीत एक मात्रा 250 मिलिसेकंदांची, आणि तिच्यात चार बोल असले तर एकेका बोलाच्या वाट्याला जेमतेम 62. तिथे 20 मिलिसेकंदांची घसरण म्हणजे बोलाचा जवळजवळ एक तृतीयांश. टायमरने फक्त पुढच्या काही मात्रांची आगाऊ नोंद करावी. त्या नेमक्या कधी वाजवायच्या हे ध्वनियंत्रणेच्या स्वतःच्या घड्याळावर सोपवावं. वेब ऑडिओमध्ये हे घड्याळ आयतं मिळतं.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज कानाशी उशिरा पोचतो. नुसतं लेहऱ्याबरोबर वाजवताना त्याने बिघडत नाही, पण पडद्यावरची मात्रा आधी उजळते आणि आवाज मागून येतो. वायरचा हेडफोन वापरायला सांगावं, हे उत्तम.

हात तबल्यावर असतात

साधी गोष्ट, पण हमखास विसरली जाते. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, बोटांना पावडर लागलेली, फोन समोर सतरंजीवर. बटणं मोठी हवीत, रियाज चालू असताना पडदा मालवता कामा नये, आणि ठरावीक आवर्तनांनंतर लय थोडी वाढवण्याची सोय आधीच लावून ठेवता आली पाहिजे. लय आपोआप कमी करण्याचीही सोय हवी. चढ्या लयीत हात अडखळला की पुन्हा ठायीत येऊन बोल साफ करायचे, ही जुनीच शिस्त आहे.

बोल तपासण्याच्या फंदात पडू नये

इथे मोह फार. मायक्रोफोनवरून बोल ओळखायचे, हिरवी-लाल खूण करायची, गुण द्यायचे. माझं मत स्पष्ट आहे: हे करू नका. आघात कधी झाला, हे यंत्र बऱ्यापैकी अचूक सांगतं. कोणता बोल वाजला, हे सांगताना ते गडबडतं, कारण तबल्यात ‘ना’ आणि ‘ता’ अनेकदा एकाच आघाताने निघतात. नाव ठरतं ते बोल कुठल्या ओळीत आला यावरून. दिल्ली बाजात चाटेवर भर, पूरब बाजात लवेचं काम अधिक. एका घराण्याच्या नमुन्यांवर शिकवलेलं यंत्र दुसऱ्या घराण्याच्या विद्यार्थ्याला बिनदिक्कत नापास करील, आणि दहा वर्षांचं मूल गुरुजींपेक्षा फोनवर जास्त विश्वास ठेवील.

त्याऐवजी आघातांची वेळ दाखवा: कुठे घाई झाली, कुठे मागे पडलं. आणि ध्वनिमुद्रण करू द्या. आपलंच वाजवणं परत ऐकलं की पळालेली लय कानाला लगेच खटकते. तेच ध्वनिमुद्रण गुरुजींना पाठवता आलं, तर पुढच्या क्लासला नेमकं काय दुरुस्त करायचं हे त्यांना आधीच कळेल.

मुलांची माहिती

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, 2023 नुसार 18 वर्षांखालील व्यक्ती म्हणजे मूल; त्याची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. ध्वनिमुद्रणं फोनमध्येच ठेवा, खातं उघडायला लावू नका. अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

पहिल्या आवृत्तीत किती?

तीनताल, झपताल आणि एकताल. प्रत्येकाला एक चांगला लेहरा, पट्टी आणि लय बदलण्याची सोय, ध्वनिमुद्रण. इंटरनेटशिवाय चालणारं. रोजच्या हजेरीची पदकं आणि मित्रांशी चढाओढ यांना फाटा द्या. आणि प्ले स्टोअरवर चढवण्याआधी एखाद्या तबला शिक्षकाच्या क्लासमध्ये संध्याकाळभर बसा, मुलांच्या हाती अ‍ॅप द्या आणि स्वतः एक शब्दही बोलू नका.