पडद्यावरील काळे व पांढरे

संगणकाच्या पडद्यावरील नकाशात नद्यांच्या फिकट रेषा मागच्या बाकावरील मुलास दिसत नसतील, तर त्याच्या लक्षास दोष देण्यापूर्वी शिक्षकांनी पडद्याची दोन नियंत्रणे तपासावीत. त्यांची नावे थोडी फसवीच आहेत. जुन्या पिक्चर ट्यूबच्या पडद्यात ‘ब्राइटनेस’ने काळ्याची पातळी ठरे व ‘कॉन्ट्रास्ट’ने पांढऱ्याची. आजच्या एलसीडी पडद्यात ब्राइटनेसमुळे बहुधा मागील दिव्याचा प्रकाशच कमीअधिक होतो. तो खोलीतील उजेडाप्रमाणे ठेवावा. कॉन्ट्रास्ट मात्र फाजील वाढविल्यास फिकट छटा पांढऱ्यात विरून जातात व ह्या रेषा नाहीशा होतात. यास्तव काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या छटांच्या पट्ट्या पडद्यावर काढाव्यात. पांढऱ्याकडील शेवटच्या दोन पट्ट्या एकरूप दिसल्यास कॉन्ट्रास्ट कमी करावा. ही पाहणी वर्गाच्या खिडक्या नेहमीप्रमाणे उघड्या ठेवून, मागच्या बाकावरूनच करावी.