तुंबा, आरे आणि न दिसणारा पूल

नागझिऱ्याच्या अरण्यांत फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वणव्याचा मानला जातो. सागाची व ऐनाची पानें झडून जमिनीवर वाळल्या पाल्याचा थर सांचतो. मोहफुलें वेंचणें सोपें व्हावें म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवितो, आणि एखादी ठिणगी वाऱ्याबरोबर पुढें सरकते. अशा वेळीं शेजारच्या चौकीला बातमी किती लवकर कळते, यावरच पुष्कळसें रान वांचणें किंवा जळणें अवलंबून असतें. नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र १५२.८१ चौरस किलोमीटर आहे. २०१३ च्या डिसेंबरांत नवेगांव राष्ट्रीय उद्यान, नवेगांव अभयारण्य, नवीन नागझिरा व कोका यांच्यासह तें एका व्याघ्र प्रकल्पांत सामील झालें, आणि हा प्रकल्प गोंदिया व भंडारा अशा दोन जिल्ह्यांत पसरलेला आहे. एवढ्या विस्तारांत संदेशांचें जाळें कसें विणावें, हा प्रश्न सोपा नाहीं. त्यांतहि एक प्रकार असा आहे कीं, जाळ्याची प्रत्येक तार शाबूत असते, प्रत्येक यंत्र आपलें काम चोख करीत असतें, आणि तरीहि संदेश वाटेंतच नाहींसा होतो. तो कां नाहींसा होतो, हें समजून घेण्यासारखें आहे.

केवळ समजुतीसाठीं श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, गोंदियास एक मुख्य कचेरी आहे आणि नागझिऱ्याच्या भोंवतीं साकोली, तिरोडा व गोरेगांव येथें तिच्या तीन शाखा आहेत. प्रत्येक कचेरींत चारदोन संगणक एका तारेवर जोडलेले आहेत. अशा स्थानिक जोडणीस इथरनेट म्हणतात. तिची कल्पना १९७३ सालीं अमेरिकेंत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत, रॉबर्ट मेटकाफ यांनीं मांडली. तिच्या मूळ रूपांत सर्व संगणक एकाच तारेवर असत. एकानें तारेवर खलिता सोडला कीं तो सर्वांना ऐकूं येई. परंतु खलित्यावर ज्याचा पत्ता असेल तोच तो उचली आणि बाकीचे सोडून देत. हा पत्ता म्हणजे अठ्ठेचाळीस अंशांचा एक द्विमान आंकडा असतो. याशिवाय सर्वांना उद्देशून पाठविलेला खलिताहि असतो. गांवांत दवंडी पिटावी तसा तो प्रत्येकानें ऐकावयाचा असतो. एखादें यंत्र कोठें आहे हें ठाऊक नसलें म्हणजे त्याचा शोध प्रथम अशा दवंडीनेंच घेतला जातो.

आतां अशा दोन तारा एकमेकींना जोडावयाच्या झाल्या तर मध्यें एक यंत्र बसवितात. त्यास पूल म्हणतात. हा पूल पारदर्शक असतो, म्हणजे तो मध्यें आहे हें कोणत्याहि संगणकास कळत नाहीं. पलीकडच्या तारेवरील यंत्र आपल्याच तारेवर आहे असें प्रत्येकास वाटतें. पुलाचे नियम तीन आहेत. पहिला असा कीं, कोणत्या दारानें कोणाचा खलिता आला हें पाहून पाठविणाऱ्याचा पत्ता त्या दारासमोर वहींत टिपून ठेवावा. बराच वेळ, बहुधा तीनशें सेकंद, त्या पत्त्याचा खलिता आला नाहीं तर ती नोंद पुसून टाकावी. दुसरा असा कीं, ज्याचा पत्ता वहींत आहे त्याचा खलिता त्याच्याच दारानें सोडावा. पत्ता वहींत नसेल, किंवा खलिता दवंडीचा असेल, तर आलेलें दार वगळून बाकी सर्व दारांनीं त्याची एकेक प्रत सोडावी. आणि तिसरा असा कीं, ज्या दारानें खलिता आला त्याच दारानें तो कधींहि परत सोडूं नये.

या तिसऱ्या नियमामागचा विचार साधा आहे. खलिता ज्या तारेवरून आला त्या तारेवरील सर्वांनीं तो आधींच ऐकलेला असतो. तोच पुन्हां तेथें सोडला तर एकाचे दोन होतील. शिवाय जाळ्यांत दोन पुलांमुळें एखादें वर्तुळ तयार झालें, तर दवंडी त्या वर्तुळांत फिरत राहील आणि तिच्या प्रतींनीं सर्व तारा भरून जातील. हें संकट टाळण्याची रीत डिजिटल इक्विपमेंट कंपनींतील रेडिया पर्लमन यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केली. सर्व पुलांनीं आपसांत निरोप पाठवून एक पूल मूळ म्हणून निवडावा आणि त्यापासून झाडासारख्या फांद्या ठरवाव्यात. जी तार वर्तुळ पूर्ण करते, तिचें दार बंद ठेवावें. झाडाच्या एका पानापासून दुसऱ्या पानाकडे जाण्यास एकच वाट असते. म्हणून दवंडी फिरत राहत नाहीं. १९९० सालीं या रीतीचा अंतर्भाव अमेरिकेंतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेनें, म्हणजे आय-ट्रिपल-ईनें, आपल्या प्रमाणग्रंथांत केला.

एका इमारतींत हें सर्व सुरळीत चालतें. परंतु गोंदिया आणि साकोली यांच्यामध्यें कचेरीला स्वतःची तार ओढतां येत नाहीं; ती दूरध्वनि कंपनीकडून भाड्यानें घ्यावी लागते. चार गांवें प्रत्येक दुसऱ्या गांवास जोडावयाचीं तर सहा तारा लागतात. दहा गांवें असलीं तर पंचेचाळीस. त्यांऐवजीं एका गांवास मध्यवर्ती मानून बाकीचीं त्यालाच जोडलीं, तर दहा गांवांना नऊ तारा पुरतात. ही रचना बैलगाडीच्या चाकासारखी आहे: मधोमध तुंबा आणि त्यांतून निघालेले आरे. खर्चाचा विचार करणारा प्रत्येक माणूस हेंच चाक पसंत करतो. भारतांतहि याचें मोठें उदाहरण आहे. १९७६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्रानें पुढें उपग्रहाच्या साहाय्यानें जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणांना जोडणारें जें जाळें उभारलें, त्याचा तुंबा दिल्लीस होता. जिल्ह्यांतील लहान थाळ्यांना एकमेकींचा क्षीण आवाज थेट ऐकूं येत नसे. म्हणून एका जिल्ह्याचा निरोप उपग्रहावरून प्रथम दिल्लीस उतरे आणि तेथून पुन्हां वर चढून दुसऱ्या जिल्ह्यास पोंचे. एका फेरीस सुमारें पाव सेकंद लागतो. म्हणजे दोन जिल्ह्यांच्या बोलण्यांत सुमारें अर्ध्या सेकंदाची भर पडे.

जमिनीवरील भाड्याच्या तारांसाठीं जी पद्धत १९९० नंतरच्या दशकांत जगभर रूढ झाली, तिचें नांव फ्रेम रिले. तिच्यांत कंपनी प्रत्येक गिऱ्हाइकास एकच खरी तार देई, आणि त्या एका तारेंत अनेक मानीव तारा असत. प्रत्येक मानीव तारेस एक क्रमांक असे. गोंदियाहून निघालेल्या खलित्यावर एक क्रमांक घातला कीं कंपनीचें जाळें तो साकोलीस नेई, दुसरा घातला कीं तिरोड्यास. अशा रीतीनें गोंदियाच्या कचेरींत खरी तार एकच येई, पण तिच्यांतून तिन्ही शाखांशीं बोलतां येई. भाडें कमी, यंत्राला लागणारें दार एकच. सोय उत्तम होती. परंतु संदेश नाहींसा होतो तो याच सोयींत.

साकोलीच्या संगणकानें तिरोड्याच्या संगणकास खलिता पाठविला असें समजावें. तो मानीव तारेनें गोंदियास येतो. गोंदियाचा पूल पाहतो कीं, हा पहिल्या दारानें आला. मग तो वही उघडतो. तिरोड्याचा पत्ता कोणत्या दारासमोर लिहिला आहे? तोहि पहिल्याच दारासमोर; कारण तिन्ही शाखांचे खलिते त्याच एका खऱ्या तारेनें येतात. तेव्हां पूल आपल्या तिसऱ्या नियमानें ठरवितो कीं, ज्या दारानें खलिता आला त्याच दारापलीकडे त्याचा मालक आहे, म्हणजे त्यास तो मिळालाच असेल. आणि तो खलिता टाकून देतो. वस्तुतः तिरोड्यानें तो ऐकलेलाच नसतो. इथरनेटच्या तारेवर एकाचें बोलणें सर्वांना ऐकूं येतें. फ्रेम रिलेच्या मानीव तारांवर साकोलीचें बोलणें फक्त गोंदियासच ऐकूं येतें. नियम एका प्रकारच्या तारेसाठीं केला आणि लावला दुसऱ्या प्रकारच्या तारेस. साकोलीनें तिरोड्याचा शोध घेण्यासाठीं पिटलेली दवंडीहि याच कारणानें गोंदियाच्या आंतच विरते.

या दोषाचें लक्षण चमत्कारिक आहे. गोंदियाहून साकोलीची चौकशी केली तर उत्तर येतें, तिरोड्याची केली तर येतें, गोरेगांवाचीहि येतें. मुख्य कचेरींत बसलेल्या तंत्रज्ञास सर्व तारा शाबूत दिसतात, आणि त्या शाबूत असतातहि. कोठेंहि तांबडा दिवा लागत नाहीं, दोषाची नोंद होत नाहीं. कारण पुलानें आपल्या समजुतीप्रमाणें योग्य तेंच केलेलें असतें. तक्रार येते ती परिघावरून: साकोलीस तिरोडा दिसत नाहीं. ती खरी मानली नाहीं तर दोष सांपडतच नाहीं. वणव्याच्या दिवसांत मात्र ज्या दोन ठिकाणांनीं एकमेकांस सावध करावयाचें तीं बहुधा परिघावरचींच असतात.

उपाय मात्र फार अवघड नाहीं. गोंदियाच्या पुलानें खऱ्या तारेस एक दार न समजतां प्रत्येक मानीव तारेस स्वतंत्र दार समजावें. साकोलीचें दार वेगळें, तिरोड्याचें वेगळें, गोरेगांवाचें वेगळें. मग साकोलीच्या दारानें आलेला खलिता तिरोड्याच्या दारानें सोडण्यास तिसऱ्या नियमाची आडकाठी राहत नाहीं. आणि वर्तुळ टाळणारी झाडाची रीतहि त्या दारांवर जशीच्या तशी चालते. इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या अभियंत्यांनीं १९९३ सालीं आर-एफ-सी १४९० या क्रमांकाचें जें टिपण प्रसिद्ध केलें, त्यांत फ्रेम रिलेवरून पूल बांधण्याची रीत दिली आहे. उंच जागीं बसविलेल्या बिनतारी पुनःप्रक्षेपकासहि अशीच युक्ति करावी लागते. हातांतल्या लहान यंत्राचा आवाज टेकडीपलीकडे जात नाहीं, म्हणून तो पुनःप्रक्षेपक ऐकतो आणि त्याच क्षणीं मोठ्यानें पुन्हां सांगतो. परंतु ज्या लहरीवर ऐकावयाचें त्याच लहरीवर एकाच वेळीं बोलूं गेलें तर स्वतःच्याच आवाजानें त्याचे कान बधिर होतील. म्हणून त्याला ऐकण्याची लहर एक व बोलण्याची दुसरी दिलेली असते. मधल्यानें एकाचें दुसऱ्यास सांगावयाचें तर त्याला येण्याजाण्याचीं दारें वेगळीं हवींत.

तरीहि या उपायाची किंमत द्यावी लागते. दारें मानीव असलीं तरी खरी तार एकच असते. दहा गांवांच्या चाकांत एका आऱ्यावरून दवंडी आली, तर तुंब्यास तिच्या आठ प्रती उरलेल्या आठ आऱ्यांवर एकामागून एक सोडाव्या लागतात. इथरनेटचा मोठ्यांत मोठा खलिता १५१८ अक्षरांचा धरला, आणि तार सेकंदास चौसष्ट हजार अंश नेणारी असली, तर एका प्रतीस सुमारें एकपंचमांश सेकंद लागतो व आठ प्रतींस दीड सेकंद. दवंडीचे खलिते बहुधा लहान असतात हें खरें. पण प्रत्येक संगणक त्या वारंवार पिटीत असतो, आणि गांवें वाढलीं कीं दवंड्याहि वाढतात व त्यांच्या प्रतीहि. म्हणून मोठ्या जाळ्यांत पूल सोडून मार्गदर्शक यंत्रें, म्हणजे राउटर, बसविण्याचा प्रघात पडला; तीं दवंडी पलीकडे जाऊं देत नाहींत. दुसरा मार्ग म्हणजे साकोली व तिरोडा यांच्यामध्यें आणखी एक तार घेणें. तिचें भाडें अधिक पडतें, आणि पुलांच्या झाडाच्या रीतीमुळें सामान्य दिवसांत ती बंदच राहते. पण तुंबा निकामी झाला तर उपयोगी पडते ती तीच. ज्या चाकाचा प्रत्येक आरा तुंब्यांतच रोंवलेला आहे, तें तुंबा फुटला कीं उभें राहत नाहीं.

फ्रेम रिलेचे दिवस आतां सरले आहेत. तिच्या जागीं वेगवान तंतूंवरील नव्या पद्धती आल्या. जुनीं यंत्रें काढलीं गेलीं. परंतु आलेल्या दारानें परत सोडूं नये, हा प्रश्न नव्या पद्धतींतहि तसाच आहे. २००७ च्या आर-एफ-सी ४७६२ या टिपणांत दूरदूरच्या कचेऱ्यांना एकाच इथरनेटचा भास करून देण्याची रीत सांगितली आहे. तेथें ज्या मानीव तारा सर्वांस सर्वांशीं जोडतात त्यांवर हा नियम कसोशीनें पाळावयाचा असतो, आणि ज्या आऱ्यांसारख्या एकाच ठिकाणीं येतात त्यांना त्यांतून सूट असते. जाळ्याचा आकार कोणता, हें पाहूनच नियम लावावयाचा, हा बोध त्या अभियंत्यांनीं लेखी नोंदून ठेवला.

नागझिऱ्याभोंवतींच्या गांवांना जोडणारें जाळें तारांचें असो वा बिनतारी असो, त्याची परीक्षा घेण्याची खरी जागा तुंबा नव्हे. मुख्य कचेरींतून प्रत्येक शाखेला हांक मारून उत्तर मिळालें म्हणजे अर्धी परीक्षा झाली. उरलेली अर्धी एका आऱ्याच्या टोंकावरून दुसऱ्या आऱ्याच्या टोंकाला हांक मारूनच होते, आणि ती वणवा पेटण्यापूर्वीं व्हावयास हवी.