कागदावरची पाच मूल्ये

मुलगी पुण्यात एका कंपनीत नोकरी करते. तिथे एके दिवशी सर्वांना म्हणे कोरा कागद वाटला आणि सांगितले, ‘आपल्या आयुष्यातली पाच मूल्ये लिहा.’ तिने तसाच एक कागद माझ्यापुढे सरकवला. “बाबा, आता तुमची लिहा पाहू!” मी काटकसर, सत्य, न्याय, कुटुंबप्रेम आणि दिलेला शब्द पाळणे, अशी पाच नावे दोन मिनिटांत लिहून टाकली. कागद सदऱ्याच्या खिशात राहिला आणि दसऱ्याला माझ्याबरोबर लोणी भापकरला गेला.

बारामती म्हटले की शहरी मंडळींच्या डोळ्यांपुढे ऊस आणि कालवे येतात. आमचे गाव त्याच तालुक्यातले, पण जिरायती भागातले. पाऊस आला तर ज्वारी, नाहीतर आभाळाकडे पाहणे. अशा गावात यादवकाळातले मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे आणि त्याच्यापुढे बांधीव दगडी पुष्करणी. जवळच यज्ञवराहाची मूर्ती आहे. तिच्या अंगावरच्या झुलीवर विष्णूच्या प्रतिमा कोरलेल्या. आत पिंड आणि बाहेर वराह! हे देऊळ मुळात विष्णूचे असावे, असे जाणकार म्हणतात ते या वराहाच्या साक्षीवरून. नाव काहीही सांगो.

पुष्करणीच्या पायरीवर बसून मी तो कागद उघडला. पाण्याजवळ बसल्यामुळे असेल, ‘न्याय’ या शब्दाशी आलो आणि शेजारच्या पुरंदर तालुक्यातले नायगाव आठवले. 1972 च्या दुष्काळानंतर पुण्याचे एक इंजिनिअर कारखानदार, विलासराव साळुंखे, तिथे गेले आणि त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम मी पूर्वी नुसते कौतुकाने वाचले होते. पाणी जमिनीच्या हिशेबाने नव्हे, घरातल्या माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्ध्या एकराचे, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही! मोठ्या बागायतदाराला हा हिशेब किती झोंबला असेल! मूल्य म्हणजे काय हे विचारायला त्यांना कुणी कोरा कागद दिला नव्हता.

आता माझा हिशेब. गावच्या विहिरीत माझा आठ आणे हिस्सा आहे, उरलेला चुलतभावाचा. 2012 च्या दुष्काळात विहीर तळाला गेली. दादाच्या घरात खाणारी नऊ तोंडे, दारात गुरे. माझे सारे बिऱ्हाड पुण्यात, नळाखाली! इथे माझी फक्त वाट्याने दिलेली डाळिंबाची बाग. दादाने निरोप धाडला, “यंदा तुझी पाळी मला दे.” मी फोनवर म्हणालो, “दादा, न्यायाने निम्मे पाणी माझे आहे.” ‘न्यायाने’ हाच शब्द वापरला होता मी! नायगावच्या मापाने माझ्या वाट्याला त्या विहिरीतले तांब्याभरही पाणी आले नसते. डाळिंबे जगली. दादाची बैलजोडी त्या उन्हाळ्यात बाजारात गेली. त्याने पुढे कधी विषय काढला नाही. दर दिवाळीला ज्वारीचे पोते मात्र न चुकता येत राहिले. त्या पोत्यांची मला कधी लाज वाटली नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

संध्याकाळी त्याच्या ओट्यावर गेलो. वहिनींनी चहा दिला. बराच वेळ पीकपाण्याच्या गप्पा झाल्या. अखेर धीर करून म्हटले, “दादा, यापुढे विहिरीवर माझी पाळी धरू नकोस. कागद करून देतो.”

तो पान लावत होता. चुना बोटाला तसाच राहिला.

“औंदा विहीर काठोकाठ हाय,” तो म्हणाला. “आटल्यावर ये, मग बोलू.”