वसुबारस आणि गाईचे दावे

आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेला, सायंकाळी सवत्स धेनूचे पूजन करून आपल्याकडे दीपोत्सवास आरंभ होतो. व्रतस्थ सुवासिनी त्या दिवशी दूधतूप वर्ज्य करतात. वासराचा वाटा वासरालाच मिळावा, हाच त्या व्रतातील भाव होय.

बेलापूर, घणसोली, तुर्भे या गावांतून एके काळी गोठा अंगणालगतच असे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या आणि नवी मुंबईच्या गृहिणीवर पूजेसाठी गाय शोधण्याची पाळी आली. ती बहुधा देवळाबाहेर, रस्त्याच्या कडेला बांधलेली आढळते. आम्ही तिला घास देतो, हळदकुंकू वाहतो आणि पुण्य पदरी पडले असे मानून परततो. तिचे दावे किती लांब आहे, हे मात्र पाहत नाही!

दावे आखूड असेल तर गाईला धड बसता येत नाही, पाण्यापर्यंत तोंड पोहोचत नाही, सावली सरकली तरी तिला सरकता येत नाही. जवळच बांधलेले वासरूही चाटता येत नाही.

या मुक्या वेदनेची दखल कायद्याने घेतलेली आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. जनावर अवाजवी आखूड वा जड दाव्याने वा साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच मालकाने त्यास पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, हे त्याच्या अकराव्या कलमान्वये अपराध आहेत. १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने भूक, तहान, भय व पीडा यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक या गोष्टी त्याच कायद्याच्या आधारे मान्य केल्या.

परंतु कायद्याने पहिल्या अपराधास ठरविलेला दंड अवघा पन्नास रुपयांपर्यंतचा! एवढ्या धाकाने दावे सैल व्हावे कसे? तेथे भाविकाची नजरच उपयोगी पडावयाची. घास देण्यापूर्वी पाण्याचे भांडे पाहावे, सावली पाहावी, मालकाला दावे लांब करण्यास नम्रपणे सांगावे. तो ऐकत नसेल तर पोलीस ठाण्यास कळवावे.

यंदाच्या वसुबारसेला निरांजन ओवाळताना त्या उजेडात गाईच्या गळ्यातील दावेही पाहू या. वासराला चाटण्याइतके ते सैल झाले, तरच आमची पूजा तिच्यापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.